बांध कोणाचा?

आपली ही व्याख्यानमाला वसंतात भरते. शहरात राहणाऱ्या आपणांपैकी बहुतेकांना हे दिवस परीक्षा संपल्याचे, सुट्टीचे आणि आंब्याचे वाटतात. देशावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र चैत्र-वैशाख म्हणजे बांधबंदिस्तीचे दिवस. रब्बीची मळणी आटोपलेली असते आणि मृगाला अजून अवकाश असतो. फुटलेली ताल सावरावयाची, ढासळलेले दगड पुन्हा बसवावयाचे, सांडव्याचे तोंड मोकळे करावयाचे, ही सारी कामे याच उन्हात होतात. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही. परंतु पुढच्या पिढीच्या वाट्याला शेत येणार की खडक येणार, हे या हातभर उंचीच्या मातीच्या वरंब्यावर ठरत असते.

हा बांध घालण्यासाठी सरकारने शेतकऱ्याला साहाय्य करावे काय, करावे तर कोणत्या रीतीने, आणि आजवर जे केले त्याचे फळ काय, हा आजचा विषय आहे. विषय मोठा आहे. म्हणून मी एकच प्रश्न हाती धरून चालणार आहे. बांध कोणाचा? घालणाऱ्याचा, जमीनमालकाचा, गावाचा, की सरकारचा?

प्रथम बांधाचे काम काय ते पाहू. आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांत वर्षाकाठी २० ते ३० इंच पाऊस पडतो. तो संथपणे पडला असता तर तक्रार नव्हती. पण त्यातला मोठा भाग थोड्याच जोरदार सरींनी येतो. अशी सर उतारावरच्या नांगरलेल्या रानावर कोसळली म्हणजे पाणी मुरण्याऐवजी धावू लागते आणि धावताना वरची बारीक, कसदार माती बरोबर नेते. आरंभी ही धूप डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मग ओघळ पडतात, ओघळींची घळ होते, आणि एक दिवस कुळवाला मुरूम लागतो. बांध या धावत्या पाण्याला थांबवतो. पाणी थांबले म्हणजे मुरते आणि त्यातली माती बांधाच्या पोटाशी बसते. म्हणजे माती राखणे आणि ओल राखणे ही दोन कामे नव्हेत, ती एकाच कामाची दोन नावे आहेत.

हे ज्ञान आपल्या शेतकऱ्याला कोणी परदेशातून आणून दिलेले नाही. घळीत दगडी ताल रचून, तिच्यामागे वाहून आलेला गाळ साठवून नवे शेत तयार करण्याची रीत देशावर जुनी आहे. आणि लागवडीला राज्यसत्तेने हात द्यावा ही कल्पनाही जुनीच आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. ज्या कुणब्याला मनुष्यबळ आहे पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणा नाही, त्याला ते पुरवावे, आणि वाढीदिढी न करता फक्त मुद्दल, त्याला ताकद येईल तसतसे, हळूहळू घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे पडजमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल देऊन इस्ताव्याने, म्हणजे दरसाल चढत्या दराने, सारा घेण्याची पद्धत रूढ झाली. पेशवाईत खडकाळ जागेवर माती घालून शेत करणाऱ्याला काही जमीन इनाम आणि उरलेल्या जमिनीस काही वर्षे सारामाफी, अशाही सवलती दिल्या जात. या सर्व व्यवस्थेचा अतिगौरव करण्याचे कारण नाही. त्या काळी जमीन मुबलक होती, माणसे कमी होती, आणि लागवड वाढली तरच खजिना भरत असे. तथापि त्या सवलतींतले एक तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जो घाम गाळील त्याला त्या घामाचे फळ काही वर्षे निर्वेधपणे खाता यावे, हे ते तत्त्व होय.

इंग्रजी अमलात १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची आणि जमाबंदीची जी पद्धत बसविली, तिच्यात सारा तीस वर्षांसाठी ठरत असे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेनेही, शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणेवर फेरआकारणीत सारा वाढवू नये, असे तत्त्व मान्य केले. कागदावर हे उत्तम होते. परंतु फेरजमाबंदीच्या वेळी सुधारणा शेतकऱ्याची कोणती आणि जमिनीच्या मूळच्या कसाची कोणती, याचा निवाडा सरकारी कामगारच करणार. शेतकऱ्याच्या मनात धास्ती राहिली ती याची.

१८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला. त्यापाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. शेतकऱ्याला सावकाराखेरीज भांडवलाची दुसरी वाट नाही, हे तेव्हा सरकारला कबूल करावे लागले. १८७१ चा एक कायदा होताच. तो सुधारून १८८३ मध्ये जमीनसुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ मध्ये शेतकऱ्यांना बीबियाणे-बैलांसाठी कर्ज देण्याचा कायदा झाला. आपण ज्याला तगाई म्हणतो तिचा हा पाया. विहिरी आणि तलाव यांच्याबरोबरच पुरापासून, धुपीपासून जमिनीचे रक्षण करणारी कामे या कायद्याने ‘सुधारणा’ म्हणून मान्य केली, आणि फेडीची मुदत पस्तीस वर्षांपर्यंत देण्याची सोय ठेवली. सावकाराच्या दरापेक्षा व्याज पुष्कळच कमी होते.

मग ही तगाई लोकांनी डोक्यावर का घेतली नाही? कारण तिची वसुली सारा थकल्याप्रमाणे होत असे. सावकार व्याज घेई, लुबाडी, पण पीक बुडाले तर थांबत असे. सरकारचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी यावयास हवा. शिवाय अर्ज, चौकशी, तारण, मामलेदार कचेरीचे हेलपाटे, आणि वाटेत ज्याचे त्याचे हात ओले करणे. विहिरीला पाणी लागले तर हप्ता फिटेल तरी. बांधाचे फळ दोन-चार वर्षांनी, तेही ओलीच्या रूपाने दिसते. कर्ज काढून बांध घालणे सामान्य कुणब्याला परवडणारे नव्हते.

योगायोग असा की, ज्या १८८३ साली हा कायदा झाला त्याच साली महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा झाला. त्याच्या अखेरच्या भागात जोतीरावांनी जे उपाय सुचविले आहेत ते आज वाचताना आश्चर्य वाटते. गोऱ्या व काळ्या लष्करी आणि पोलीस शिपायांना फावल्या वेळी कामाला लावून सरकारने जागोजाग तालीवजा बंधारे असे घालावेत की, पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांना मिळावे. तलावांतला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. जंगलखात्याने घशात घातलेली गायराने गावांना परत द्यावीत. कायदा म्हणत होता, आम्ही कर्ज देतो, तू सुधारणा कर. जोतीराव म्हणत होते की, ज्याच्या साऱ्यावर हे राज्य चालते त्याच्या शेतातली माती वाहून जात असता केवळ कर्ज पुढे करून सरकारची सुटका होत नाही. एकाच सालातल्या या दोन कागदांत आपल्या विषयाचा सगळा वाद आलेला आहे. त्यानंतर जे घडले ती बहुतेक त्याचीच आवर्तने होत.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत लाखो माणसे सरकारी कामांवर आली. म्हसवडचा तलाव, नीरेचा डावा कालवा यांसारखी काही टिकाऊ कामे आधीच्या दुष्काळातून उभी राहिली होती, हे खरे. पण दुष्काळी कामाचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राही ती रस्त्याकडेला खडी फोडणारी बाई. तिच्या स्वतःच्या शेताचा बांध त्याच वेळी फुटून पडलेला असे, आणि त्यावर तिने घाव घातला तर मजुरी नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकी खात्याचे लक्ष मातीकडे वळले. डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारण ४० एकरांची होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती, आणि दीडशेवर खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरली होती. असल्या पट्ट्यांत बांध घालावयाचा तर कोणी? एकाने घातला तर वरच्या शेजाऱ्याचे पाणी तो फोडून टाकते; आणि घालणारा कूळ असेल तर सुधारलेल्या जमिनीचा खंड वाढवून मालक त्यालाच शिक्षा करतो.

१९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, आणि १९३३ पासून सोलापूर व विजापूर येथे ते मोठ्या प्रमाणावर चालले. ना. वि. कानिटकर आणि त्यांचे सहकारी यांनी पावसाचे किती पाणी मुरते, किती वाहते, आणि वाहताना किती माती नेते, याची वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. त्यातून जी कोरडवाहू शेतीची पद्धत सिद्ध झाली तिच्यात बांध, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी या गोष्टी होत्या. १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीनसुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि त्याच सुमाराच्या विजापूरकडील दुष्काळात बंदिस्तीचे काम प्रथमच मोठ्या प्रमाणावर निघाले.

या कायद्याने एक मोठे पाऊल टाकले. पाणी सर्व्हे नंबर ओळखत नाही, ही गोष्ट त्याने मान्य केली. एका शेतकऱ्याऐवजी सबंध टापूची योजना करावयाची, ती जाहीर करावयाची, हरकती ऐकावयाच्या, आणि मंजूर झाल्यावर ती सर्वांवर बंधनकारक ठरवावयाची. खर्चाचा काही भाग सरकार सोशी, उरलेला मालकांकडून हप्त्यांनी वसूल होई, आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. बांध व्यक्तीच्या हातून टापूच्या हाती गेला, तो येथे. त्याची गरजही होती. डोक्यावरचा शेजारी बेफिकीर असेल तर खालच्याने कितीही कष्ट केले तरी फुकट.

परंतु दोष निघाला तो आखणीत. खात्याचा बांध सारख्या उंचीच्या रेषेवरून वळणे घेत जाई. शास्त्राला ते धरून होते. शेतकऱ्याचे शेत मात्र चौकोनी, त्याची वाटणी चौकोनी, त्याच्या पांभरीचे तास सरळ. बांध आला तो शेताच्या मधून; एका बाजूला तिकोनी कोपरा राहिला, त्यात बैल वळेनात. खोल काळ्या रानात तर पाणी बांधाशी तुंबून पीक पिवळे पडे, आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या मोठ्या सरीला फुटे. आपला बांध आपल्या हद्दीवर असावा, सांडवा दगडी असावा, हे शेतकरी सांगत होता. नकाशात त्याला जागा नव्हती. मग पुष्कळ ठिकाणी व्हावयाचे तेच झाले. बांधाला लोक ‘सरकारी बांध’ म्हणू लागले, आणि जे सरकारी ते फुटले तर सरकारने पाहावे. काहींनी तो चार-दोन वर्षांत नांगरून टाकला. शेतकरी अडाणी म्हणून त्याने बांध मोडला, असे म्हणणे सोपे आहे. त्याच शेतकऱ्याने आपली जुनी ताल मात्र मोडली नव्हती.

हा पेच आपल्या एकट्याचाच नव्हता. अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी प्रदेशात गवताळ जमीन नांगरून गव्हाखाली आणली गेली होती; १९३० नंतरच्या अवर्षणात तिची माती वाऱ्याने उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाचा दिवस तेथे ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर पंधरवड्याच्या आत, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट हे त्या खात्याचे पहिले प्रमुख झाले. १९३६ च्या कायद्याने, माती झिजविणारी पिके कमी करून माती राखणारी गवते व द्विदल पिके घेणाऱ्या शेतकऱ्याला सरकार रोख पैसे देऊ लागले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट १९३७ ची. त्या वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांच्या गव्हर्नरांकडे एका कायद्याचा मसुदा पाठविला. त्यान्वये स्थानिक मृदसंधारण मंडळे निघाली, त्यांच्या कारभारात शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी बसले, आणि सरकारी तज्ज्ञ प्रत्येक शेताची योजना शेतकऱ्याशी बोलून करू लागला. तेथेही सर्व गोड झाले असे नाही. लागवड कमी करण्यासाठी दिलेला आरंभीचा पैसा बव्हंशी मालकांच्या हाती पडला आणि दक्षिणेकडील पुष्कळ वाटेकऱ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या. म्हणजे जमिनीवर हक्क कोणाचा हा प्रश्न टाळून मातीचा प्रश्न सुटत नाही, हा धडा तेथेही मिळाला.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर हा हक्काचा प्रश्न हाती घेतला गेला. १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोडीचा कायदा, १९४८ चा कूळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’. त्या दिवशी मुंबई राज्यातील असंख्य कुळे कायद्याने जमिनीची मालक ठरली. या कायद्यांतल्या पळवाटा आपण जाणतो. तरीही बांधाच्या दृष्टीने पाहता, कोणत्याही तगाईपेक्षा ही मदत मोठी होती. आपल्या नावावर झालेल्या शेताचा बांध घालावयास माणसाला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

१९५३ मध्ये केंद्रीय मृदसंधारण मंडळ स्थापन झाले, पंचवार्षिक योजनांतून बंदिस्तीला पैसा मिळू लागला. मग आला १९७२ चा दुष्काळ. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, ती रोजगार हमी योजना याच आगीतून पुढे आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसायकरातून खेड्यातल्या मजुराची मजुरी जाऊ लागली. खडीबरोबरच नालाबांध, शेतांची बंदिस्ती, सपाटीकरण, पाझर तलाव ही कामे निघाली, आणि १९९० पासून कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानातील फळबागेलाही योजनेतून अनुदान मिळू लागले.

या योजनेने माणसे जगवली. तिचे ऋण विसरता येणार नाही. पण तिचा हेतू मजुरी पुरविणे हा होता, बांध हे तिचे उपफळ होते. खणलेल्या मातीचे माप घेतले जाई, मुरलेल्या पाण्याचे नाही. जी भूमिहीन बाई टोपल्या वाहत होती तिला दिवसाची मजुरी मिळाली, आणि शेताची वाढलेली किंमत शेतमालकाला. बांध संपला की हजेरीपट संपला. पुढल्या वर्षी तो फुटला तर त्याला वाली नव्हता.

याच काळात काही गावांनी निराळी वाट दाखविली. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची माळरानाची जमीन घेऊन बांध, पाझर तलाव, विहीर या क्रमाने ती उभी केली. त्यातून जी पाणी पंचायत निघाली तिने पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरविला, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला. राळेगणसिद्धीत १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांची शिस्त बसली. हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तोच मार्ग धरला, सिंचनासाठी विंधणविहिरी नकोत असे ठरविले, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून मग पिके ठरविण्याची प्रथा पाडली. या गावांत सरकारचा पैसा नव्हता असे कोणी समजू नये. तो होताच, रोजगार हमीचा होता, १९९२ च्या आदर्श गाव योजनेचा होता. फरक एवढाच की, पैसा येण्यापूर्वी गावाने आपला नियम केलेला होता. बांध घातल्यावर वरच्या डोंगरावर शेळ्या कोणी सोडावयाच्या नाहीत, हे ग्रामसभेने ठरविले, मामलेदाराने नव्हे.

अगदी अलीकडची दोन उदाहरणे देऊन हा इतिहास पुरा करतो. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. यंत्रांनी नाले खोल व रुंद करण्याचे काम गावोगाव झाले. काही ठिकाणी लोकांनी स्वतः वर्गणी काढली. तथापि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, सुमारे साडेनऊ हजार कोटी रुपये खर्चूनही भूजलाची पातळी वाढविण्यात अभियानाचा प्रभाव थोडाच पडला, असा ठपका ठेवला. नाला खणणे दिसते, मोजता येते, लवकर होते. डोंगरमाथ्यापासून शेताच्या बांधापर्यंत माती धरून खाली येणे हे सावकाश होणारे काम आहे. दुसरे उदाहरण २०१७ चे. त्या वर्षी धरणातला गाळ काढून शेतकऱ्याला शेतात नेऊ देण्याची योजना शासनाने काढली. जोतीरावांनी १८८३ मध्ये जे मागितले ते मिळावयास १३४ वर्षे लागली!

श्रोतेहो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. सरकारने साहाय्य करू नये असे या इतिहासातून निघत नाही. उलट, एकट्या गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यातले हे काम नाही, आणि माती वाहून गेली तर नुकसान एकट्या शेतकऱ्याचे नाही. धरणे गाळाने भरतात ती शहरांना पाणी देणारी असतात. म्हणून खर्चाचा भार समाजाने उचलणे हे उपकार नव्हेत, तो हिशेब आहे. परंतु सरकारने कर्ज दिले, कायदा केला, मजुरी दिली, यंत्रे पाठविली, आणि प्रत्येक वेळी बांध घालण्यापुरताच विचार केला. बांध घालणे एका उन्हाळ्याचे काम आहे. तो राखणे हे दर उन्हाळ्याचे काम आहे, आणि ते ज्याला बांध आपला वाटतो तोच करतो. जमिनीवरचा हक्क निश्चित असणे, आखणीच्या वेळी शेतकऱ्याला बोलू देणे, आणि राखण्याची जबाबदारी व तीसाठी लागणारा पैसा गावाच्या हाती असणे, या तीन गोष्टी जेथे जुळल्या तेथे सरकारी रुपया मातीत मुरला. जेथे जुळल्या नाहीत तेथे तो मातीबरोबर वाहून गेला.

मृगाला फार दिवस राहिलेले नाहीत. गावी आपली थोडीबहुत जमीन असलेले पुष्कळजण या सभेत असतील. सुट्टीत गावी जाल तेव्हा एकदा शेताच्या खालच्या अंगाला जाऊन बांध पाहून या, आणि तो कोणी घातला, कधी घातला, आणि फुटला तर कोण सावरणार, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. माझे व्याख्यान त्या उत्तराने पुरे होईल.